वनमालेच्या पापण्या

“ही पुन्हा आलीच का?” मी विचारलं.

धकाते धुतलेली फिल्म अंगणातल्या दोरीवर वाळत घालत होते. तोंडात लाकडी चिमटा होता, त्यामुळे उत्तर लगेच आलं नाही. चिमटा काढून त्यांनी फिल्मच्या खालच्या टोकाला लावला आणि म्हणाले, “कोण ही?”

“ही. उसाची कांडकी धरून बसलेली. कालच्या रिळात पण हीच होती. अख्ख्या नागपुरात एवढी एकच बाई राहते का?”

“अगं, रसवंतीचा फोटो आहे. रसवंतीत बाई असणारच.”

“रसवंतीत चरक पण असते, गिऱ्हाईक पण असते. ते कुठं गेले सगळे?”

धकात्यांनी दोन बोटांनी फिल्मवरचं पाणी निपटलं आणि गुणगुणत आत निघून गेले. होय, गुणगुणत. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या माणसाच्या तोंडून मी आरतीशिवाय दुसरा सूर ऐकला नव्हता, आणि आरतीतही ते टाळी चुकवायचे.

धकाते म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायचं नाही म्हणून लग्नानंतर आडनावानं बोलायला लागले, ते कायमचंच झालं. आमचा फोटो स्टुडिओ नागपूरच्या महाल भागात, घराच्याच पुढच्या खोलीत. फोटो काढायचे ते, फिल्म धुवायचे ते, छापायचेही तेच. मधलं काम माझं. रिटचिंग. त्या काळच्या कृष्णधवल फोटोत माणूस बरा दिसायचा तो फोटोग्राफरमुळे नाही, रिटचिंग करणाऱ्यामुळे. एक उतरतं डेस्क, त्याला मध्ये काचेची खिडकी, खाली आरसा. आरशातला उजेड निगेटिव्हमधून वर यायचा आणि मी सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं तिच्यावर बारीक बारीक टिंबं द्यायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पेन्सिल लावली की कागदावर तो भाग उजळतो. मुरूम जातात, वण बुजतात, डोळ्यांखालची काळोखी निघते. काळं करायचं असेल तर ब्लेड. ब्लेडच्या टोकानं फिल्मवरचा थर खरवडला की कागदावर तिथं काळं उमटतं. ते काम क्वचित पडायचं, एखाद्या नवरीच्या विरळ भुवया दाट करायच्या असल्या तर. महालातल्या कितीतरी पोरी माझ्या पेन्सिलीवर खपल्या आहेत, हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगेन.

डोळे मात्र दुखायचे. संध्याकाळी कपाळ धरून बसले की धकाते म्हणायचे, “चष्म्याचा नंबर तपासून ये ना एकदा.” मी ऐकून सोडून द्यायची.

त्या उन्हाळ्यात शहरातल्या एका चित्रमंडळानं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. विषय होता नागपूरचा उन्हाळा. गाणंबजावणं, खाणंपिणं, रस्ते. धकात्यांना बोलावणं आलं त्या दिवशी ते जेवताना दोनदा ताटावरून उठले. जन्मभर नवरानवरी आणि पासपोर्टचे चेहरे काढलेल्या माणसाला कोणीतरी प्रथमच म्हटलं होतं, तुम्हाला दिसेल ते काढा. मग काय, पहाटे तर्रीपोह्यांच्या गाड्यांवर, दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणाऱ्यांच्या मागे, संध्याकाळी वस्त्यावस्त्यांतल्या गाण्याच्या पार्ट्यांत, म्हणजे गाणाऱ्या मंडळांत. तर्रीच्या वाफेतून दिसणारा पोहेवाला, पेटीवर टपटप घाम गाळणारा पेटीवाला. निगेटिव्ह डेस्कवर ठेवली की मी मनातून हरखून जायची. बोलले मात्र कधी नाही. नवऱ्याचं तोंडावर कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

मग ही रसवंतीवाली आली.

लोक फोटोत चेहरा बघतात, मी पापण्या बघते. भिंगाखाली निगेटिव्ह धरली की कळतं, फोटो काढणाऱ्याची नजर नेमकी कुठं खिळली होती. जिथं खिळते तिथं सगळं लख्ख येतं, बाकीचं जरा मऊ पडतं. धकात्यांची नजर कुठंही खिळायची. नवरीच्या नथेवर, नवऱ्याच्या हारावर, एकदा तर मागच्या पडद्यावरच्या मोरावर. मी त्यावरून त्यांना किती बोलायची! आणि आता या बाईच्या निगेटिव्ह बघाव्यात तर पापणी न् पापणी मोजून घ्यावी अशी. प्रत्येक निगेटिव्हमध्ये. मेली पापण्यांसकट माझ्या डेस्कवर येऊन बसली होती.

माझा म्हणाल तर लग्नातल्या ग्रुपफोटोनंतर धकात्यांनी एकही फोटो काढला नव्हता. कधी विषय निघाला तर म्हणायचे, “घरच्या माणसाचा काय फोटो काढायचा?” मलाही ते पटलेलं होतं. त्या उन्हाळ्यापर्यंत.

एके दिवशी मी पाटवडीचा रस्सा केला होता. धकाते आले, हातात पितळी डबा.

“जेवायला वाढते.”

“पोट भरलं आहे. हे घे. रस आहे, आलं-लिंबू घातलेला. वनमालेनं खास तुझ्यासाठी दिला.”

म्हणजे आता तिला नावही होतं.

“वनमाला कोण?”

“तीच गं, रसवंतीवाली. दुपारी चरकाच्या घुंगरांवर गाते, संध्याकाळी पार्टीत गाते. काय आवाज आहे तिचा!”

“फोटोत आवाज पण येऊन राहिला का आता?”

“येते,” धकाते म्हणाले. थट्टेनं नाही, अगदी मनापासून. “नीट काढला तर येते.”

मी डबा उचलला आणि रस मोरीत ओतला. धकाते बघत राहिले. मोरीजवळच्या मुंग्यांची पुढं आठवडाभर चंगळ झाली.

शेवटी न राहवून एका दुपारी मी तिच्या रसवंतीवर गेलेच. नागपूरचं मे महिन्याचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळला, लू लागू नये म्हणून कमरेला कांदा खोचला आणि सक्करदऱ्याच्या रस्त्याला लागले. घुंगरांचा आवाज आधी आला, मांडव नंतर दिसला. तिचा नवरा चरकाचं मोठं चाक फिरवत होता, ती उसाची कांडी आत सारत होती आणि घुंगरांच्या ठेक्यावर गात होती. आवाज चांगला होता. खोटं कशाला बोलू?

“बसा ना जी ताई,” ती गाणं थांबवून म्हणाली. “कुठून आल्या एवढ्या उन्हाच्या?”

“इथूनच.”

“बरफ टाकू?”

“नको टाकू.”

पेला द्यायला ती वाकली आणि मी तिचं तोंड जवळून पाहिलं. पाहतच राहिले. दोन्ही गालांवर देवीचे वण. बारीकसारीक नाहीत, चांगले खड्डे. ज्या चेहऱ्याच्या निगेटिव्ह मी दिवसेंदिवस भिंगाखाली धरल्या होत्या, त्या चेहऱ्यावर वण आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. तिच्या एकाही निगेटिव्हवर मी पेन्सिल टेकवली नव्हती, कारण टेकवायला काही जागाच नव्हती. हे झालं कसं? मी वर पाहिलं. मांडवाच्या बांबूंना पांढरी चादर ताणून बांधली होती. ऊन त्या चादरीतून गाळून खाली येत होतं, आणि तिथं ती वळली की गालावरचे खड्डे असे भरून यायचे की जणू नव्हतेच. चादर माझी होती. मी ती घरभर शोधत होते.

“ही चादर कोणाची?”

“फोटोवाल्या साहेबाची हाय. म्हणे उजेड मऊ होते. लय चांगला माणूस हाय जी. जीव लावून काम करते.”

बाई देखणी असती तर मी घरी येऊन चार आसवं गाळली असती आणि विसरले असते. देखण्या बाईकडे कोणीही बघतं. ही देखणी नव्हती, म्हणून माझा जळफळाट झाला. हिला धकात्यांनी देखणं केलं होतं. मला न विचारता, माझ्या पेन्सिलीशिवाय, माझ्याच चादरीनं. या घरात माणसाला देखणं करायचं काम माझं होतं. तेवढं एकच तर होतं. उद्या सगळ्यांवरच चादर धरायला लागले तर माझ्या डेस्कवर काय पापड वाळत घालायचे? रस मी अर्धाच प्यायले. गोड होता, हाही एक रागच.

चित्रमंडळाच्या लोकांनी धकात्यांचे सगळे फोटो बघितले आणि एक निवडला. दारातच मोठा करून लावायचा. वनमाला गाते आहे, डोळे अर्धवट मिटलेले, हातात उसाचं कांडं. धकात्यांनी ती निगेटिव्ह माझ्या डेस्कवर आणून ठेवली आणि म्हणाले, “हिला काही करू नको. बारीक धूळबीळ आहे का तेवढं बघ. आहे तशीच छापायची आहे.”

हिला काही करू नको.

आमच्या घरातून बाहेर गेलेला एकही चेहरा माझ्या हाताखालून गेल्याशिवाय गेला नव्हता.  धकाते अंघोळीला गेले. मी निगेटिव्ह काचेवर ठेवली, खालून उजेड घेतला. पापण्या बघितल्या. मग पेन्सिल बाजूला सारून ब्लेड उचललं आणि वनमालेच्या डाव्या गालावर टेकवलं. हळूहळू, गोल.  कामाला बसले की माझा हात चुकत नाही.

दुपारी डार्करूममधून हाक आली. आमची डार्करूम म्हणजे खिडकीला काळा कागद चिकटवलेली कोठी, आत तांबडा दिवा, भट्टीसारखी तापलेली. ट्रेमधल्या पाण्यात मोठा कागद होता आणि त्यातून वनमाला वर येत होती. आधी केस, मग डोळे, मग गालावर काळाकुट्ट ठिपका.

“शकू, हे काय?”

“मी केलं.”

“काऊन?”

“माझं काम आहे म्हणून.”

कागद पाण्यात हलत होता. धकात्यांच्या कपाळावरचा घाम नाकावर आला, त्यांनी पुसला नाही.

“भरून काढ. तुला येते ते. पेन्सिलीनं भरून काढ.”

“नाही काढत. दुसरी लावा. तिच्या निगेटिव्ह ढीगभर पडल्या आहेत घरात.”

“अशी हीच एक आहे,” धकाते म्हणाले.

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी तयारीत होते. चादरीपासून सुरुवात करणार होते. पण त्यांनी फोटो दोरीला टांगला, पायात चप्पल सरकवली आणि बाहेर पडले. आले ते उन्हं उतरल्यावर. जेवले, पण मुकाट्यानं. गुणगुणणं बंद झालं. मला हेच तर हवं होतं, आणि तरी घर खायला उठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टुडिओच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात काठी. मागे तोंडाला पदर लावून वनमाला.

“कुठं हाय थो फोटोवाला?” म्हातारी कडाडली. “माह्या सुनेचा गळा बसला. आवाजच फुटून नाही राहिला तिचा. रोज रोज फोटो काढून काढून नजर लावून टाकली तिले. अन् आता म्हणे मोठा करून दारात टांगते, साऱ्या गावानं पाहाव म्हणून! नाही टांगू देत मी. फाडून टाक थो.”

“आजी, बसा तर आधी,” धकाते म्हणाले.

“नाही बसत. फाड म्हणते ना मी!”

वनमालेनं काही बोलायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती हवा आली. मी डेस्कवरून उठलेही नाही. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. माझ्या हातून जे पुरतं झालं नव्हतं ते ही म्हातारी आयतंच करून देत होती. फोटो फाटला की दारात ती नाही, डेस्कवर ती नाही. धकात्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.  ते आत गेले, दोरीवरचा फोटो काढून आणला आणि म्हातारीसमोर धरला.

म्हातारी डोळे बारीक करून फोटोच्या इतकी जवळ गेली की तिचं नाक कागदाला लागेल असं वाटलं. मग तिनं गालावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“व माय! तीट लावली?”

धकाते फोटो तसाच धरून उभे राहिले.

“वनमाले, तू लावली होती?”

वनमालेनं नाही म्हणून मान हलवली. स्वतःच्या गालावरून हात फिरवून बघितला.

“मंग कोनं लावली?”

धकात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी ते काहीही सांगू शकले असते. “हिनं,” ते म्हणाले. “हिच्या हातची आहे.”

म्हातारी काठी टेकत माझ्याकडे आली. माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. “जाण हाय व तुले. माणसाईले कुठं सुचते हे? नजर लागू नये म्हणून फोटोलेबी तीट लावणारी बाई मी जन्मात नाही पाह्यली.” मग धकात्यांकडे वळून, “टांग बाप्पा. कुठं टांगाचा तिथं टांग.”

जळफळाटाला कोणी असा आशीर्वाद दिला तर काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी पेन्सिलीला टोक करत बसले. टोक आधीच होतं.

वनमाला जवळ येऊन बसली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “ताई, तुमी आल्या होत्या ना? बिना बरफाचा रस. अर्धा ठेवून गेल्या.”

मी डेस्कची काच पुसायला लागले.

“सांगाचं तं होतं. मले तुमाले पाहाचंच होतं. लय राग येऊन राहिला होता तुमचा.”

“माझा?”

“नाही तं काय! हे साहेब मले हसूच देत नव्हते जी. हसली का म्हणे गालाले वळी पडते, मंग घरची बाई दिवसभर पेन्सिल घासत बसते. चादर बांधली तं म्हणे तिचं काम वाचते, तिचे डोळे दुखते. आता सांगा, फोटो कोनाचा अन् काळजी कोनाची? मी मनात म्हटलं, कोन महाराणी हाय हे, एक डाव पाह्यलीच पाहिजे.”

मी धकात्यांकडे बघितलं. ते मुद्दाम कॅमेऱ्याचा पाय आवळत होते, जो ढिला नव्हता.

“माझे डोळे काही गेले नाहीत अजून!” मी म्हटलं.

“संध्याकाळी कपाळ धरून बसते ना तू,” ते खाली बघतच म्हणाले.

“मग मला विचारायचं होतं! माझं काम काढून घेतलं ते मला विचारून घेतलं का?”

“नाही विचारलं,” धकाते म्हणाले. “चुकलं.”

राग गेला नाही. राग असा लगेच जात नसतो. फक्त तो कुठं ठेवावा हे कळेनासं झालं.

“साहेब, आमच्या दोघीचा काढा ना एक,” वनमाला म्हणाली. म्हातारीनं मान डोलावली. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं मला बाकावर ओढलंच. माझे केस विंचरलेले नव्हते, पदराला हळद लागली होती. धकाते काळ्या कपड्यात डोकं घालून कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि कितीतरी वेळ बाहेरच येईनात. एरवी नवरानवरीला ते दोन मिनिटांत मोकळं करायचे.

“झोपले का साहेब?” वनमालेनं हळूच विचारलं, आणि मला हसू आलं. तेवढ्यात त्यांनी फोटो काढला.

प्रदर्शन झालं. वनमाला दारातच होती, गालावर तिटीसकट. लोक थांबायचे, ठिपका बघायचे, आपसात काहीतरी बोलायचे आणि हसतमुखानं आत जायचे. तिचा गळाही सुटला. म्हातारीनं त्याचं श्रेय मला दिलं. मीही नाकारलं नाही.

आमच्या दोघींची निगेटिव्ह मात्र माझ्या डेस्कवर आलीच नाही. मी वाट बघितली, विचारलं नाही. मग एका दुपारी धकाते कोठीतून बाहेर आले आणि ओला फोटोच माझ्यासमोर धरला. मी हसते आहे, गालाला ही मोठी वळी पडली आहे. आणि त्या वळीच्या शेजारी, माझ्या गालावर, चिंचोक्याएवढा वेडावाकडा काळा डाग.

“हे काय केलं?”

“तीट लावली,” धकाते म्हणाले.

“एवढी? अहो, गालाला भोक पाडलं माझ्या! माझं ब्लेड घेतलं? निगेटिव्हचा सत्यानाश केला!”

“माझा हात नाही ना बसलेला तुझ्यासारखा.”

 मी भिंग घेतलं, म्हणजे मान खाली घालायला निमित्त झालं. माझ्या पापण्या बघितल्या. मोजून घ्याव्यात अशा होत्या. एकेक केस वेगळा. कितीतरी वेळ मी भिंग तिथंच धरून बसले. मग, सवयीनं म्हणा, ते जरा उजवीकडे सरकवलं. वनमालेच्या पापण्याही तितक्याच लख्ख.

“तिच्या पण आल्या?”

“एका रेषेत बसल्या होत्या तुम्ही दोघी,” धकाते म्हणाले. “दोघींच्या येणारच.”

उत्तर बरोबर होतं. धंद्यातली बाई आहे मी, मला ते कळतं. मी मानही हलवली. फोटोला चौकट करून आणली आणि धकाते खिळा ठोकायला उठले तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, मी ठोकते. पुढच्या दाराच्या लगतच्या भिंतीवर मी तो लावला, अशा बेतानं की दार पूर्ण उघडलं की फळीमागे वनमाला झाकली जाते आणि बाहेर तेवढी मी राहते, तिटीसकट. फोटो आजही तिथंच आहे. आणि आमचं दार दिवसभर उघडं असतं.